उमेदवारीचा खर्च कोणी सोसावयाचा?

‘उमेदवार’ हा शब्द आज उच्चारला की निवडणूक किंवा नोकरीची मुलाखत डोळ्यांसमोर येते. या शब्दाचा जुना अर्थ मात्र निराळा होता. फार्सी ‘उमेद’ म्हणजे आशा. एकोणिसाव्या शतकातील कचेरीत पुढेमागे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी काम करीत राहणारा, तो उमेदवार. शिकणे, राबणे आणि आशेवर राहणे या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात एकत्र आल्या होत्या. मुद्रण, नाटक, चित्रपट, वृत्तपत्र या व्यवसायांत मराठी माणसाचा प्रवेश बहुधा याच वाटेने झाला. आता हीच वाट नव्या नावाने मराठी विभागांच्या दाराशी आली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत, २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून, महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प यासाठी ४ श्रेयांक ठेवण्यात आले. विद्यार्थ्यांना कोठे पाठवावे, याची चर्चा त्यामुळे विभागांत सुरू झाली. परंतु त्याआधीचा प्रश्न फारसा विचारला जात नाही. शिकण्याच्या या काळाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा तो प्रश्न होय. मराठी सांस्कृतिक इतिहासाची साक्ष काढली तर असे दिसते की, या व्यवसायांत कोण टिकणार आणि कोण गळणार, हे पुष्कळदा याच प्रश्नाच्या उत्तराने ठरले आहे.

मुद्रणापासून आरंभ करणे सोयीचे होईल. जावजी दादाजी (१८३९-१८९२) हे मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात लहान वयातच कामाला लागले. थॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली त्यांनी खिळ्यांचे काम पाहिले आणि हाताने केले. शालेय शिक्षण फारसे नसलेल्या या माणसाने पुढे १८६४ मध्ये स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला. देवनागरी मुद्रणाच्या सौष्ठवाचा मानदंड म्हणून ज्या निर्णयसागरी अक्षराकडे पाहिले गेले, ते अशा उमेदवारीतून जन्मले. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, छापखान्यातील त्या पोरवयातही हातावर काही तुटपुंजे वेतन पडत होते. ते नसते तर गरीब घरातील मुलगा तेथे उभाच राहू शकला नसता.

चित्रपटाच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे आप्त आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता कला कमावली. कोणत्याही कलाशाळेची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. ‘सैरंध्री’ (१९२०) काढणारी बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी ही पुढे स्वतःच एक शाळा ठरली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम हे सारे तेथे हाताखाली काम करीत घडले. पडदे, देखावे, कॅमेरा, रसायने, अभिनय असा कोणताही विभाग त्यांना परका राहिला नाही. १९२९ मध्ये सीताराम कुलकर्णी यांचे भांडवल घेऊन या चौघांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) आणि दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) ही या उमेदवारीची फळे होत. दामले आणि फत्तेलाल यांची जोडी धर्माची भिंत ओलांडून एका कार्यशाळेत जमली, हेही नोंदविण्यासारखे आहे. पुण्यातील प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये चित्रपट शिक्षणाची शासकीय संस्था आली. कार्यशाळेच्या जागी विद्यालय आले, आणि हाताखाली घेण्याच्या जागी प्रवेशपरीक्षा आली.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया नाटक मंडळीने घातला होता. मंडळी ही एक फिरते बिऱ्हाड असे. गावोगाव मुक्काम पडे आणि मालकापासून पोरसवदा नटापर्यंत सर्वांची पंगत एका छपराखाली बसे. तालीम मास्तरांच्या धाकात वाढणाऱ्या मुलाला पगार नसला तरी दोन वेळचे अन्न, अंगावर कपडा आणि निजावयास जागा मिळे. गणपतराव बोडस यांचे ‘माझी भूमिका’, चिंतामणराव कोल्हटकर यांचे ‘बहुरूपी’ किंवा शांताराम यांचे ‘शांतारामा’ ही आत्मचरित्रे आजवर बहुधा कलावंताच्या घडणीची किंवा रंगभूमीच्या इतिहासाची साधने म्हणून वाचली गेली आहेत. गुरूची कृपा, शिष्याची चिकाटी आणि दैवाची साथ या तीन सूत्रांभोवती त्यांचे वाचन फिरते. परंतु त्यांतील स्वयंपाकघर, बिदागी, उधारी, थकलेला पगार यांच्याकडे अभ्यासकाचे लक्ष क्वचितच गेले. या तपशिलांचे वाचन केले तर उमेदवारी ही गुरुकृपेइतकीच कोठीच्या हिशेबाचीही बाब होती, हे ध्यानात येईल.

याचा अर्थ ती जुनी व्यवस्था आदर्श होती, असा मुळीच नाही. तेथे लेखी करार नव्हता, तासांची मर्यादा नव्हती आणि मालकाच्या मर्जीवाचून दाद नव्हती. शिवाय दार उघडे ते बहुधा नात्याने. शांताराम कोल्हापूरच्या कंपनीत गेले ते मावसबंधू बाबूराव पेंढारकर यांच्या आधाराने. शाळेची पायरी जेमतेम दीड दिवस चढलेले अण्णा भाऊ साठे तमाशाच्या फडात शिरले तेही आप्त बापू साठे यांच्यामुळे. ज्याचा कोणी आत नाही, त्याने कोणत्या दाराशी उभे राहावे, याचे उत्तर त्या व्यवस्थेपाशी नव्हते. स्त्रियांच्या बाबतीत तर उमेदवारी आणि पोटासाठीची मजुरी यांतील रेषाच पुसली गेली. ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) मधील हंसा वाडकर यांचे बालपण पाहावे. घर चालविण्यासाठी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या मुलीच्या बाबतीत ‘शिकण्याचा काळ’ असा वेगळा कप्पा काढताच येत नाही. तात्पर्य, जुन्या मंडळीचे दार अरुंद होते, हे मान्य केले पाहिजे. पण आत आलेल्याला ती उपाशी ठेवीत नसे, हेही तितकेच खरे आहे.

आता हा प्रश्न आजच्या एका गावात नेऊन पाहावा. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या दरम्यान वसलेली चिखलोली हे त्यासाठी योग्य ठिकाण आहे. एका बाजूस औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूस मुंबईत घर न परवडल्याने इकडे सरकलेल्या कुटुंबांच्या नव्या इमारती आणि मधून जाणारा मध्य रेल्वेचा मार्ग, असे तिचे आजचे रूप आहे. अशा गावातील एक घर कल्पावे. थोरला मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून जोडारी शिकून कारखान्यात ‘अप्रेंटिस’ लागला आहे. धाकटी मुलगी मराठी घेऊन एम. ए. करीत आहे आणि कार्यप्रशिक्षणासाठी तिला मुंबईतील एखाद्या मालिकेच्या संहितालेखकाकडे किंवा प्रकाशनसंस्थेत जावयाचे आहे. मुलाला १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याचे छत्र आहे. त्याचा करार नोंदला जातो आणि दरमहा विद्यावेतन हा त्याचा हक्क असतो. २०१४ च्या दुरुस्तीने हे दार अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांनाही उघडले आणि २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५ ते ९ हजार रुपये ठरविले. मुलीला मात्र श्रेयांक मिळतात, विद्यावेतनाचा हक्क आपोआप मिळत नाही. गोरेगावपर्यंत जाण्यायेण्यात तिचे दिवसाचे चार-पाच तास लोकलमध्ये सरतात. पास, रिक्षा, दुपारचा डबा आणि बुडालेल्या शिकवण्या हा सारा खर्च तिच्या घराने सोसावयाचा. एकाच घरातील दोन उमेदवारांत एवढे अंतर का असावे, याचे समर्थन साहित्याच्या उच्चतेने होऊ शकत नाही.

कायदा माध्यम-व्यवसायापर्यंत नीट पोहोचत नाही, यालाही कारण आहे. कारखाना एका जागी असतो, त्याची हजेरीपुस्तके असतात. चित्रीकरणाचे पथक मात्र एका कामापुरते जमते आणि पांगते. निर्मितीसंस्था लहान असतात आणि कामे कंत्राटाने दिली जातात. जुनी मंडळी निदान वर्षानुवर्षे टिकणारे बिऱ्हाड होते. आजच्या पथकाला मालक आहे, पण घर नाही. परिणामी ज्याचे घर मुंबईत आहे आणि ज्याला सहा महिने मिळकतीवाचून काढणे परवडते, त्याच्याच हाती लेखणी व कॅमेरा जाण्याचा धोका संभवतो. मग मालिकांतून आणि वृत्तपत्रांतून कोणाचे जगणे दिसते आणि कोणाचे दिसत नाही, या चर्चेचे मूळ येथपर्यंत आणून भिडविले पाहिजे. साठोत्तरी साहित्याने ‘कोण लिहितो’ हा प्रश्न मराठी समीक्षेला विचारावयास लावला. ‘शिकत असताना त्याला कोण पोसतो’ हा त्याच प्रश्नाचा पुढचा भाग होय.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, साहित्य विभाग म्हणजे नोकरी मिळवून देणारी कचेरी नव्हे. वाङ्मयाचे अध्ययन कौशल्यप्रशिक्षणाच्या दावणीला बांधले तर त्याचे सत्त्व हरपेल. या भीतीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु श्रेयांक अभ्यासक्रमात आलेच आहेत, आणि विभागांनी त्यांकडे पाठ फिरविली तर ते केवळ एका शिक्क्याच्या प्रमाणपत्रावर उरकले जातील. त्यात सत्त्व राहत नाही आणि कौशल्यही येत नाही. उलट उमेदवारीचा इतिहास ज्यांच्या अभ्यासविषयात आहे, त्यांनीच तिच्या अटी ठरविण्यात पुढाकार घेणे अधिक उचित ठरेल.

त्यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. विद्यार्थ्याला बाहेर पाठविताना विभागाने लेखी करार करावा. कामाचे तास, कामाचे स्वरूप, देखरेख करणारी व्यक्ती आणि किमान प्रवासखर्च यांचा उल्लेख त्यात असावा. जेथे हे मान्य होत नाही, तेथे विद्यार्थी पाठवू नये. दुसरे असे की, मुंबई हेच एक कार्यक्षेत्र मानण्याचे कारण नाही. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्यात छापखाने आहेत, ग्रंथालये आहेत, हौशी नाट्यसंस्था आहेत. बदलापुरात श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’च्या रूपाने दुर्मिळ मराठी ग्रंथांचा जो संग्रह उभा केला, त्यासारख्या संग्रहात सूचीकरण शिकणे ही मराठीच्या विद्यार्थ्याची अस्सल उमेदवारी होय. संपादन, मुद्रितशोधन, सूची, ध्वनिमुद्रित साहित्याचे लिप्यंतर ही कामे घरापासून हाकेच्या अंतरावर शिकता येतील. तिसरे, प्रत्येक विद्यार्थ्याने या काळाची रोजनिशी लिहावी आणि तिच्यात शिकलेल्या गोष्टींबरोबर झालेला खर्चही मांडावा. अशा रोजनिशा विभागात जपून ठेवल्या, तर जी नोंद ‘बहुरूपी’च्या काळात आठवणींच्या ओघात आली, ती आता अभ्याससाधन म्हणून हाती राहील.

उमेदवाराने आशेवर जगावे, हे शब्दाच्या व्युत्पत्तीपुरते ठीक आहे. पण चिखलोलीच्या मुलीने सकाळची लोकल पकडावी ती केवळ आशेवर, अशी अपेक्षा विद्यापीठाने ठेवू नये. तिच्या तिकिटाचे पैसे कोण देणार, हे श्रेयांक देण्याआधी ठरले पाहिजे.