काटकसरीचे चाळीस रुपये कोणाच्या पदरी?

महिन्याची सात तारीख उलटली की जबलपूरच्या रांझी, घमापूर, अधारताल यांसारख्या कष्टकरी वस्त्यांत दोन प्रकारची माणसे हटकून दिसू लागतात. एक, ज्याच्या हाती नुकताच पगार पडला आहे असा कामगार. आणि दुसरा, त्या पगारातील आपला वाटा उचलण्यासाठी दाराशी आलेला सावकार किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीचा वसुली माणूस. पगार घरात यायच्या आधीच त्याचे धनी ठरलेले असतात. उरलेल्या चार पैशांत महिना कसा काढायचा, हा प्रश्न मात्र घरच्या बाईच्या वाट्याला येतो.

हे शहर कामगारांचे आहे. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला आणि १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी सुरू झाली. रेल्वे आणि हे कारखाने यांच्या आधाराने देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. सरकारी कारखान्यातली कायम नोकरी हा या कुटुंबांचा कणा होता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या. कायम कामगाराच्या जागी ठेकेदाराचा माणूस आणण्याची चाल तर त्याच्याही आधीपासून सुरू होती. या कारखान्यांच्या भिंतीबाहेर आणखी एक मोठे जबलपूर आहे: घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांचे, सलवार-सूट शिवून नगावर मजुरी घेणाऱ्यांचे, ऑटो आणि हातगाडी चालवणाऱ्यांचे. कर्जाचा फास आज सर्वांत घट्ट आहे तो याच माणसांच्या गळ्याभोवती.

उपदेश आणि उपहास

या माणसांना उपदेशाची कमतरता नाही. बँकांच्या जाहिरातींपासून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत सर्वत्र एकच पाठ चालू असतो: बाहेरचा चहा सोडा, दिवा मालवा, यादी करून बाजारहाट करा, थेंबे थेंबे तळे साचेल. या उपदेशात न बोललेला एक आरोप दडलेला असतो. तुमच्यावर कर्ज झाले, कारण तुम्ही उधळे आहात, असा तो आरोप आहे.

याच्या उलट टोकाला आपल्यातीलच काही कार्यकर्ते आहेत. दात कोरून कधी पोट भरते काय, असे म्हणून ते काटकसरीचा विषय हसण्यावारी नेतात. मजुरी वाढल्याशिवाय काही व्हायचे नाही, एवढे सांगितले की आपले काम झाले असे त्यांना वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत. पहिली भूमिका कष्टकऱ्याच्या शीलावर डाग लावते. दुसरी त्याच्या घरातल्या रोजच्या झुंजीकडे पाहतच नाही. खरा प्रश्न काटकसर करावी की करू नये हा नसून, काटकसरीने वाचलेला पैसा जातो कोठे, हा आहे.

उधळपट्टीचा आरोप आधी तपासून पाहू. रॉयल कमिशन ऑन लेबर, म्हणजेच व्हिटली आयोगाने १९३१ साली आपला अहवाल दिला. बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कामगार किंवा त्यांची कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या मजुरीहून अधिक आहे, असे त्यात नमूद होते. रुपयामागे दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के, हा व्याजाचा दर तेव्हा सर्रास होता. त्या काळी कामगाराच्या हाती मोबाइल नव्हता, मोटरसायकल नव्हती, क्रेडिट कार्डही नव्हते. तरीही तो कर्जात होता. आजारपण, काम बंद पडणे, लग्नकार्य आणि महिनाअखेरचा किराणा, ही कर्जाची जुनी कारणे आहेत. आज त्यांत मुलांच्या शिक्षणाच्या फीची आणि खासगी रुग्णालयाच्या बिलाची भर पडली आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१९ च्या आकड्यांनुसार ग्रामीण भागात ३५ टक्के आणि शहरी भागात २२.४ टक्के कुटुंबे कर्जबाजारी होती. एवढी सारी कुटुंबे केवळ चैनीपायी कर्जात बुडाली, असे कोण शहाणा म्हणेल?

एका घराचा हिशेब

आता काटकसरीकडे वळू. रांझीतील एक घर डोळ्यांसमोर आणा. नवरा ठेकेदाराकडे कामाला, बायको कपडे शिवते. सासूच्या शस्त्रक्रियेसाठी सावकाराकडून पन्नास हजार रुपये उचललेले. दर पाच रुपये शेकडा, दरमहा. म्हणजे महिन्याला अडीच हजार रुपये नुसते व्याज. ते व्याज भरले जाते आणि मुद्दल जागचे हलत नाही. वीस महिन्यांत मुद्दलाएवढी रक्कम सावकाराच्या घरी पोचते, तरी कर्ज पन्नास हजारांचे पन्नास हजारच राहते.

अशा घरातली बाई काय करते? पाळीवर जाताना नवऱ्याचा डबा बांधून देते, म्हणजे बाहेरचा नाश्ता सुटतो. जवळच्या कामाला तो मोटरसायकल न काढता सायकलने जातो. रब्बीचा गहू बाजारात येतो तेव्हा वर्षाचा गहू ती शेजारणींबरोबर एकगठ्ठा घेते. हिवाळ्यात जबलपूरचा मटार स्वस्त झाला की सोलून, वाळवून ठेवते. साठ वॉटचे जुने दोन बल्ब काढून नऊ वॉटचे एलईडी लावते. रोज सहा तास दिवे लागत असतील, तर तेवढ्याने महिन्याला अठरा युनिट वीज वाचते. मध्य प्रदेशात २०१९ पासून गृहज्योती योजनेखाली महिन्याचा वापर दीडशे युनिटांच्या आत राहिला तर पहिले शंभर युनिट शंभर रुपयांत मिळू लागले. त्यामुळे ही अठरा युनिटे कधी कधी साऱ्या बिलाचे रूप पालटतात. सर्व मिळून दिवसाला चाळीस रुपये वाचले असे धरू. महिन्याचे बाराशे रुपये झाले.

या चाळीस रुपयांना हसू नये. त्यांच्यामागे एका बाईची पहाटेची झोप आहे. पण हे बाराशे रुपये तिने डब्यात साठवायचे ठरवले, तर पन्नास हजार जमायला बेचाळीस महिने लागतील. तोवर व्याजापोटी एक लाख पाच हजार रुपये गेलेले असतील. तेच बाराशे रुपये दर महिन्याला व्याजाबरोबर मुद्दलात भरले, म्हणजे अडीच हजारांऐवजी सदतीसशे दिले, तर कर्ज चोविसाव्या महिन्यात संपते आणि व्याज जाते सुमारे पस्तीस हजार. बचत तीच, त्याग तोच. परंतु सत्तर हजारांचा फरक पडला. म्हणून पहिला धडा असा की, डोक्यावर महाग कर्ज असताना बचतीची जागा डब्यात नव्हे, मुद्दलात आहे. अनेक कर्जे असतील तर ज्याचा दर सर्वांत चढा, ते आधी फेडावे. औषधपाण्यापुरते थोडे पैसे मात्र हाताशी ठेवावेत. नाहीतर पुढच्या तापाला पुन्हा त्याच सावकाराचे दार ठोठवावे लागेल.

सावकाराला हे रुचत नाही. मुद्दल देशील तर एकरकमी दे, असे तो म्हणतो, कारण त्याचा धंदाच मुद्दल जागेवर ठेवण्यावर चालतो. मध्य प्रदेशात लागू असलेल्या १९३४ च्या सावकारी कायद्याने कर्जाचा हिशेब ठेवण्याचे आणि तो ऋणकोला देण्याचे बंधन सावकारावर घातले. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करू नये, हा दामदुपटीचा संकेत तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पण एकटी बाई सावकाराच्या ओट्यावर पावती मागायला उभी राहू शकत नाही. चार शेजारणी सोबत गेल्या तर मागू शकते.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहा, आणि या लेखाचे मर्म तिच्यातच आहे. समजा, या घराला तेच पन्नास हजार रुपये कामगारांच्या पतसंस्थेतून वर्षाला बारा टक्के दराने मिळाले आणि त्यांनी सावकाराचे देणे एकदम चुकवले. चाळीस रुपयांची काटकसर केलीच नाही. सावकाराला व्याज म्हणून जात होते तेवढेच अडीच हजार रुपये दरमहा पतसंस्थेत भरले. तरी कर्ज तेविसाव्या महिन्यात फिटते आणि व्याज जाते अवघे सहा हजार! म्हणजे दोन वर्षे रोज पोटाला चिमटा घेऊन जे साधते, ते केवळ व्याजाचा दर बदलल्याने साधते. आणि दर बदलून काटकसरही चालू ठेवली, तर पंधराव्या महिन्यात घर मोकळे होते.

काटकसरीचा उपदेश करणारे हा हिशेब कधीच का मांडत नाहीत? कारण चहाचा खर्च कामगाराच्या हातात असतो आणि व्याजाचा दर दुसऱ्याच्या.

सावकाराची जागा आता कंपन्या घेत आहेत, एवढ्याने हायसे वाटण्याचे कारण नाही. वर्षाला बारा टक्के ‘फ्लॅट’ दराने घेतलेल्या आणि बारा मासिक हप्त्यांत फेडायच्या कर्जाचा खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो, कारण फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच राहते. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म कर्जांवरील व्याजाची कमाल मर्यादा उठवली आणि सर्व हप्ते मिळून कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत असू शकतील, असे ठरवले. महिन्याला वीस हजार मिळवणाऱ्या घराचे दहा हजार हप्त्यांत गेले, तर ते नियमाला धरूनच झाले! उरलेल्या दहा हजारांत त्या घराने काटकसर करावी, हीच अपेक्षा.

एकट्याची बचत आणि सर्वांची

कार्ल मार्क्सने १८५७-५८ च्या आपल्या टिपणवह्यांत या प्रश्नाच्या मुळाशी हात घातला होता. त्याच्या विवेचनाचा आशय असा: एखाद्या कामगाराने पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवले तर त्याला अपवाद म्हणून लाभ होईल, पण सर्वच कामगार कमी खर्चात जगू लागले, तर मजुरी जास्त आहे असे मालकाला वाटू लागेल आणि ती त्या पातळीवर खाली येईल. ठेकेदार आजही हेच म्हणतो: एवढ्यात भागते ना, मग वाढवून कशाला द्यायचे? म्हणून काटकसर मजुरीच्या लढ्याची जागा घेऊ शकत नाही.

परंतु याच सत्याची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. कर्जात बुडालेला कामगार लढू शकत नाही. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. महिनोन्‌महिने पगार नसताना त्यांच्या घरांतील भांडीकुंडी आणि दागिने गेले, उसनवारी वाढली, अनेक कुटुंबे गावी परतली. त्या पिढीचे धैर्य कमी पडले नाही. तिच्यापाशी टिकून राहण्याचे साधन कमी पडले. ज्याच्यावर हप्ता नाही, तोच ठेकेदारासमोर मान वर करून बोलू शकतो. या अर्थाने घरातल्या बाईची काटकसर हीदेखील लढ्याची शिदोरी आहे.

ही शिदोरी एकत्र केली तर काय घडते, हेही मुंबईनेच दाखवले आहे. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका कामगारांना उधारीवर जेवू घालीत आणि स्वतः किराणा दुकानदाराच्या व सावकाराच्या कर्जात रुतत. पै-पैची काटकसर त्या जन्मभर करीतच होत्या. तेवढ्याने त्यांची सुटका झाली नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले. या बायका गटागटाने एकत्र आल्या, एकमेकींची हमी घेऊन राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात उभ्या राहिल्या आणि रास्त दराचे कर्ज मिळवू लागल्या. काटकसर तीच होती. तिचे फळ मात्र सावकाराच्या तिजोरीऐवजी त्यांच्या स्वतःच्या घरात पडू लागले.

जबलपूरला यातून काय घ्यायचे? येथे कायम कामगाराला पतसंस्था आहे, भविष्य निर्वाह निधीतून उचल आहे. त्याच्याच शेजारी, त्याच यंत्रावर उभ्या राहणाऱ्या ठेका कामगाराला पतसंस्थेचे सभासदत्व बहुधा मिळत नाही. विडी वळणाऱ्या बाईला तर नाहीच नाही. एकाच छपराखाली दोन माणसे सारखाच घाम गाळतात. एक कर्जावर बारा टक्के भरतो, दुसरा साठ. हा अन्याय केवळ सावकाराचा नाही. आपल्या संघटनांनी आणि पतसंस्थांनी स्वतःभोवती घातलेले कुंपणही त्याला जबाबदार आहे, हे कबूल करण्याचे धैर्य आपण दाखवले पाहिजे. थकबाकीची भीती पुढे करून दार बंद ठेवणे सोपे आहे. गटाची हमी, लहान रक्कम आणि दरमहा वसुली या मार्गाने ते उघडणेही तितकेसे अवघड नाही.

तेव्हा घरोघरी वही जरूर ठेवावी. कोणाचे किती देणे, कोणता दर, मुद्दल किती उतरले, हे लिहावे. डबा बांधावा, दिवा मालवावा, गहू एकत्र घ्यावा. पण या वह्या कपाटात पडून राहू नयेत. वस्तीतल्या दहा घरांनी त्या एकत्र बसून एकमेकांना दाखवाव्यात. कर्ज ही लाजेची गोष्ट आहे, म्हणून ती झाकून ठेवायची, हीच सावकाराची सर्वांत मोठी ठेव असते. दहा वह्या एका चटईवर उघडल्या की दहा घरांना एकच गोष्ट दिसेल: चूक आपल्या चहाच्या कपात नव्हती. आणि मग त्या वह्या घेऊन आधी आपल्याच संघटनेच्या कचेरीत जावे. तिथले दार उघडायला हवे, ते सर्वांत आधी.