उरलेले तुकडे आणि आपले दान

मनन : योहान 6:1-15



आगमनकाळ आला की धर्मग्रामांतून जुन्या कपड्यांची गाठोडी जमू लागतात. कसर लागलेली शाल, कोपरे झिजलेला कोट, जिकडेतिकडे विरलेले ब्लँकेट. थंडीत गरिबाला उपयोगी पडेल, असे आपण म्हणतो. माझे मत स्पष्ट आहे : यातले बरेचसे दान नसते, कपाट रिकामे करणे असते.

मग हे कापड फेकून द्यावे का? मुळीच नाही. आपल्या जिल्ह्यात वारासिवनीचे हातमाग आहेत; तिथल्या साडीला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले. साडीचा माग नाजूक. पण जाड सतरंजीच्या मागावर चिंध्यांचेही सोने होते. लोकरी कापड धुवायचे, शिवण उसवायची, बोट-दीड बोट रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, टोकाला टोक शिवून गुंडाळी करायची. ताणा मजबूत सुताचा, बाणा या पट्ट्यांचा. पट्टी ताठ ओढली तर काठ आत येतात, म्हणून ती थोडी सैल टाकायची आणि फणीने घट्ट ठोकायची. मग जमिनीचा गारवा अडवणारे, वर्षानुवर्षे टिकणारे अंथरूण तयार होते.

चिंधी आपोआप सतरंजी होत नाही. तिच्यात कोणाचे तरी हात राबतात. आपल्या गाठोड्यात नेमके तेच नसते.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या. काही वाया जाऊ नये, ही त्याची इच्छा. पण क्रम पाहा. भुकेले आधी तृप्त झाले, तुकडे नंतर गोळा झाले. आपण उलटे करतो. आपले पोट भरल्यावर तुकडे त्यांच्या ताटात वाढतो.

“काहीच न देण्यापेक्षा जुने बरे,” असे कोणी म्हणेल. जुने जरूर द्यावे, पण धुऊन, बटण लावून, इस्त्री करून. यापो गावच्या दुर्कसने विधवांसाठी कपडे स्वतः तयार केले होते, तिच्या मृत्यूनंतर त्यांनी रडत तेच पेत्राला दाखवले (प्रे. कृत्ये 9:39). आपले गाठोडे असे कोणी कोणाला दाखवील का?

म्हणून या वर्षी दोन ढीग करू या. एक, जे आपण स्वतः अंगावर घालू त्याचा. दुसरा, पट्ट्यांचा, तो विणकराकडे द्यावा, आणि मजुरी आपल्या खिशातून, घासाघीस न करता द्यावी. पौल स्वतः तंबू बनवून पोट भरीत असे. कारागिराच्या घामाचा भाव पाडणे त्याच्या अनुयायांना शोभत नाही. तयार सतरंजी थंड फरशीवर झोपणाऱ्याच्या घरी आपणच नेऊन अंथरावी.

प्रभू आपल्या दानाला आपल्या हातांची ऊब देवो. आमेन.