काळेपणाची नको, डोळ्यांची काळजी करा

मार्च लागला की आपल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येते, "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील." हे वाक्य फक्त मुलीला ऐकावे लागते. बिगारी कामाला जाणाऱ्या बापाला, हातगाडी लावणाऱ्या भावाला, रस्ता झाडणाऱ्या आईला ते कोणी म्हणत नाही. मुलीचा रंग जपायचा, तोही लग्नासाठी, आणि बाकीच्यांनी खुशाल तापायचे! माझे स्पष्ट मत आहे, उन्हाची ही भीती चुकीच्या जागी बसली आहे.

आधी रंगाचे पाहू. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. उन्हातले अतिनील किरण अंगावर पडले की शरीर ते जास्त तयार करते आणि आतल्या पेशींवर जणू छत्री धरते. सावळे होणे हा आजार नाही, तो शरीराने केलेला बचाव आहे. म्हणूनच गडद कातडीला त्वचेचा कर्करोग गोऱ्या कातडीपेक्षा पुष्कळ कमी होतो. ऊन बाधतच नाही असे नव्हे. कातडी भाजते, सोलते, गालावर वांग येतात. पण त्यावर आपण करतो काय? मेडिकलमधून गोरे करणारी ट्यूब आणतो. अशा कित्येक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. पंधरा दिवस चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठते आणि साधे ऊनही सोसवत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. २०२० साली एका नामांकित क्रीमने आपल्या नावातला 'फेअर' हा शब्द काढला. डबीवरचा शब्द गेला, आपल्या मनातला कधी जाणार?

आता डोळ्यांचे पाहू. कातडीची ती छत्री डोळ्यांना नसते. वर्षानुवर्षे उन्हात राबणाऱ्याला मोतीबिंदूचा धोका वाढतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मांस वाढून ते काळ्या बुबुळाकडे सरकू लागते. नजर अधू झाली की रोज बुडतो आणि घराची चूल थंडावते. तरीही वस्तीत कोणी म्हणत नाही, "बाबा, डोळे सांभाळा." गल्लीतल्या वेल्डिंगच्या ठिणगीकडे पोरे टक लावून पाहतात. त्या प्रकाशातही तेच किरण असतात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, ते त्यामुळेच.

उपाय महागडे नाहीत. साधी खूण लक्षात ठेवा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की ऊन कडक आहे, सावली गाठा. रुंद काठाची टोपी घाला. पुढे छज्जा असलेली टोपी कपाळ झाकते, पण कान आणि मान उघडीच राहतात, त्यावर उपरणे किंवा ओढणी घ्या. कापड दाट विणीचे, बाही पूर्ण हवी. झिरझिरीत, ओल्या पांढऱ्या कापडातून किरण आत येतात. अंग झाकलेले असेल तर सनस्क्रीनवर पैसे घालण्याची फारशी गरज नाही. चष्मा घेताना काचेचा काळेपणा पाहू नका, 'यूव्ही ४००' लिहिलेले पाहा आणि चष्म्याच्या दुकानात यंत्रावर तपासून घ्या. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत शिरतात. डोळा लाल झाला म्हणून मेडिकलमधून थेंब आणून घालू नका. त्यातही स्टिरॉइड असू शकते आणि त्याने काचबिंदू होतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. लेकरांना मात्र अंधाऱ्या खोलीत कोंडू नका. हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व मुख्यतः उन्हातून मिळते. थोडा वेळ ऊन लागू द्या, भर दुपारी नको.

पण सगळा भार घरावर टाकून चालणार नाही. दुपारी बारा वाजता नाक्यावर उभा असलेला मजूर सावली कुठून आणणार? १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी देणे मालकावर बंधनकारक केले. सावलीही तशीच हक्काने मागायला हवी. ठेकेदाराकडे शेड मागा, झाडूवाल्या भगिनींसाठी टोपी आणि चष्मा मागा, शाळेची कवायत सकाळी लवकर घ्यायला सांगा. एकट्याने मागितले तर हसतील. पन्नास जणांनी मिळून मागितले तर ऐकावे लागेल.

आणि मुलीला यापुढे सांगायचेच असेल तर एवढेच सांगा, "बाळ, टोपी घाल, डोळे जप." तेच मुलालाही सांगा. रंगाचा विषय काढूच नका.