गीत देवाचे, कष्ट कोणाचे?

आपल्याकडे कॉपीराइटचा विषय निघाला की तो पाठ्यपुस्तकांच्या झेरॉक्सपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. फार तर चित्रपटातील गाण्यांपर्यंत. पण देवळात किंवा चर्चमध्ये जे गाइले जाते त्यालाही कोणी मालक असतो, ते छापायचे तर त्याची परवानगी घ्यावी लागते, वेळप्रसंगी पैसेही मोजावे लागतात, ही कल्पना बहुतेकांना विचित्र वाटते. काहींना तर ती पाखंडी वाटते. या विषयावर आमच्या चर्चमध्ये गेल्या नाताळाच्या आधी बराच वाद झाला. त्या वादात मी एकटी एका बाजूला होते, म्हणून माझी बाजू इथे सविस्तर मांडते आहे.

नगर जिल्ह्यातील आमच्या गावच्या चर्चमध्ये दर रविवारी ‘उपासनासंगीत’ या ग्रंथातील गीते म्हटली जातात. हा ग्रंथ विकत मिळतो आणि बहुतेक घरांत त्याची एक तरी फाटकी प्रत असते. त्यापलीकडची नवी गीते पूर्वी वहीत उतरवून घेत. पुढे सायक्लोस्टाईल आले, मग झेरॉक्स. आता मोबाईलवर एकाने पाठवले की पाच मिनिटांत साऱ्या मंडळीकडे पोचते, आणि भिंतीवर पडद्यावरही शब्द दिसतात. नाताळासाठी आमच्या तरुण संघाने चाळीस पानांची गीतांची पुस्तिका काढायची ठरवली. ज्यांची गीते घेणार त्यांतले काही कवी हयात आहेत, त्यांना निदान पत्र लिहून विचारावे, असे मी सुचवले. तेव्हा कमिटीतील एक वयस्कर काका म्हणाले, “अगं पोरी, देवाचं गाणं आहे ते. त्याला कुठं पैसे असतात का?”

काका मनाने फार चांगले आहेत आणि ते रागाने बोलले नाहीत. पण हे वाक्य मी लहानपणापासून वेगळ्या ठिकाणी ऐकत आले आहे. माझे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. लग्नाच्या सुपारीत घासाघीस होते, ती धंद्यातली गोष्ट आहे, तिचे काही वाटत नाही. पण गणपतीची मिरवणूक असो, उरूस असो की नाताळची फेरी असो, हिशेबाच्या वेळी एकच वाक्य येते : “मास्तर, देवाचं काम आहे, समजून घ्या.” समजून नेहमी मास्तरांनीच घ्यायचे असते. मांडववाला, वीजवाला, फटाकेवाला यांना कोणी समजून घ्यायला सांगत नाही. या एका बाबतीत आपल्याकडे सर्वधर्मसमभाव अगदी पुरेपूर आहे. म्हणून गीत देवाचे असले तरी ते लिहिण्याचे कष्ट कोणा माणसाचे असतात, एवढे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे, असे मला वाटते.

हा प्रश्न अमेरिकेत ५० वर्षांपूर्वी कोर्टात गेला. त्याची हकीगत आपल्यालाही उपयोगी आहे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चमधील मिस्सा लॅटिनऐवजी लोकभाषेत होऊ लागली. साहजिकच इंग्रजीत नव्या गीतांची गरज एकदम वाढली. तरुण मंडळी गिटार घेऊन उपासनेत आली. ‘एफ. ई. एल. पब्लिकेशन्स’ ही डेनिस फिट्झपॅट्रिक यांची लहानशी प्रकाशन संस्था अशी गीते छापू लागली. शिकागोतीलच एका पॅरिशमध्ये काम करणारे धर्मगुरू पीटर शोल्टस यांचे एक गीत तर देशोदेशी गाइले गेले, त्याचे प्रकाशक हेच. पण पॅरिशेसनी पुस्तके घेण्याऐवजी यंत्रावर प्रती काढून घरगुती पुस्तिका बांधल्या. गीते लोकप्रिय होत गेली आणि पुस्तकांचा खप मात्र खाली आला. तेव्हा या प्रकाशकाने एक योजना काढली : पॅरिशने वर्षाला १०० डॉलर भरावेत आणि आमच्या गीतांच्या हव्या तेवढ्या प्रती काढाव्यात. बऱ्याच जणांनी तीही मनावर घेतली नाही. अखेर १९७६ मध्ये त्याने शिकागोच्या बिशपांवर फिर्याद केली.

१९८४ मध्ये ज्यूरीने निकाल दिला आणि रक्कम ३० लाख डॉलरच्या वर गेली. “चार झेरॉक्स काढल्या म्हणून चर्चला तीस लाख डॉलरचा दंड” अशा स्वरूपात ही गोष्ट पुढे पसरली आणि अजूनही तशीच सांगितली जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. प्रती काढल्याबद्दलची भरपाई १,९०,४०० डॉलर एवढीच होती. बाकीचे ३० लाख दुसऱ्याच गोष्टीसाठी होते. फिर्याद दाखल झाल्यावर बिशपांच्या कचेरीने सर्व पॅरिशेसना कळवले होते की या प्रकाशकाचे सगळेच साहित्य वापरातून काढून टाका. त्यात रीतसर विकत घेतलेली पुस्तकेही आली. म्हणजे ज्याची गीते इतकी वर्षे फुकट वापरली, त्याने दाम मागताच त्याला बाजारातूनच उठवले, असा ज्यूरीचा समज झाला. पुढे १९८५ मध्ये वरच्या न्यायालयाने ही मोठी रक्कम रद्द केली, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो भाग टिकला नाही. पण मला त्या पत्राचेच अधिक वाटते. पैसे मागणारा बँडवाला पुढच्या वर्षी बोलवायचा नाही, हे आमच्या गावातही चालते. त्यासाठी बिशपांची कचेरी लागत नाही.

या निकालाने अमेरिकेतील चर्चेसना घाम फुटला. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात हॉवर्ड राचिन्स्की नावाचे एक संगीत पाळक होते. आपल्याही चर्चमध्ये हेच चालते, हे त्यांच्या ध्यानात आले. एकेका गीतासाठी एकेका प्रकाशकाला पत्र लिहिणे कोणत्याही चर्चला जमण्यासारखे नव्हते. तेव्हा चर्चने वर्षाला एकच रक्कम एका ठिकाणी भरावी आणि त्या संस्थेने ती गीतकार व प्रकाशक यांच्यात वाटावी, अशी व्यवस्था त्यांनी उभी केली. १९८८ मध्ये तिचे ‘ख्रिश्चन कॉपीराइट लायसन्सिंग’ झाले. आज अनेक देशांतील अडीच लाखांहून अधिक चर्चेस आपले परवानाधारक आहेत, असे ही संस्था सांगते. वर्गणी उपस्थितीवर ठरते. लहान मंडळीला कमी, मोठीला जास्त. कोणत्या गीतांच्या प्रती काढल्या ते चर्चने कळवायचे आणि त्या प्रमाणात वाटणी होते. शब्द छापणे आणि पडद्यावर दाखवणे एवढे या परवान्यात येते. स्वरलिपीच्या प्रती काढायला आणि उपासना इंटरनेटवरून दाखवायला वेगळे परवाने लागतात. २०२० च्या टाळेबंदीत चर्चेस बंद झाली तेव्हा या शेवटच्या परवान्याचे महत्त्व अनेकांना कळले.

इथे एक बारकावा आहे, आणि आमच्या वादात तोच कोणी लक्षात घेत नव्हते. गाणे म्हणायला पैसे कोणीच मागत नाही. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात उपासनेच्या वेळी गीत गाण्याला स्पष्ट सूट आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणे, वाजवणे हा हक्कभंग मानलेला नाही. गंमत म्हणजे त्या धार्मिक विधीत लग्नाची वरातसुद्धा येते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर सूचना काढून ही गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. तेव्हा माझे वडील वरातीत सिनेमाचे गाणे वाजवतात ते कायद्याला धरूनच वाजवतात. (हा मुद्दा वादात माझ्यावर उलटवला गेला होता, म्हणून मुद्दाम लिहिते.) पण या सवलतीत पुस्तिका छापणे येत नाही. गीत म्हणणे वेगळे आणि गीताच्या शंभर प्रती काढणे वेगळे. म्हटल्याने गीत खर्च होत नाही, उलट पसरते. प्रत काढली की विकले गेले असते असे एक पुस्तक विकायचे राहते. हा भेद मला अतिशय रास्त वाटतो.

यावर काकांनी जो दाखला दिला तो मात्र वजनदार होता. ते म्हणाले, “टिळकांनी कुठं पैसे मागितले?” रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणजे आपल्या सर्वांच्या पाठ्यपुस्तकातील फुलांमुलांचे कवी. आमच्या उपासनेत त्यांची गीते नाहीत असा रविवार सहसा जात नाही. अभंगाची आणि भजनाची चाल त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. हे सर्व खरे आहे. परंतु ज्यांनी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली आहेत त्यांना हेही ठाऊक आहे की टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे आणि घर चालवण्याची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. टिळकांनी दिले ते स्वतःच्या मर्जीने दिले. कवीने आपणहून देणे ही एक गोष्ट आणि तो देईलच असे मंडळीने धरून चालणे ही दुसरी. शिवाय पगार सोडायला आधी पगार असावा लागतो. आमच्याकडे गीते लिहिणाऱ्यांत शाळामास्तर आहेत, तसेच शेतमजूरही आहेत.

टिळकांच्या गीतांबद्दल कायद्याची अडचण मुळीच नाही. ते १९१९ मध्ये वारले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ५० वर्षांनी त्यांच्या लेखनावरचा हक्क संपला. आज भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे. तेव्हा जुन्या गीतांपैकी पुष्कळशी आपण निर्धास्त छापावीत. घोटाळा होतो तो भाषांतरात. ‘हाऊ ग्रेट दाऊ आर्ट’ हे इंग्रजी गीत जगभर म्हटले जाते. त्याची मूळ कविता कार्ल बोबेरी यांनी स्वीडिश भाषेत १८८५ मध्ये लिहिली. बोबेरी १९४० मध्ये वारले, म्हणून मूळ कविता आज मोकळी आहे. पण इंग्रजी शब्द स्टुअर्ट हाइन यांचे, आणि हाइन वारले १९८९ मध्ये. आपल्या कायद्याने त्यांचा हक्क २०४९ अखेरपर्यंत आहे. इंग्रजीवरून मराठी करून छापणाऱ्याने परवानगी घ्यायला हवी, स्वीडिशवरून करणाऱ्याने नको. आमच्या गावात स्वीडिश येणारे कोणी नाही, ही गोष्ट अलाहिदा!

आता अमेरिकेतली ती परवान्याची पद्धत जशीच्या तशी इकडे आणावी का? मला तसे वाटत नाही. ज्याची गीते जास्त चर्चेसमध्ये वापरली जातात त्याला जास्त पैसे, हा तिचा नियम वरून न्याय्य दिसतो. पण २०२३ मध्ये काही अभ्यासकांनी २०१० ते २०२० या काळात सर्वाधिक गाइल्या जाणाऱ्यांच्या याद्यांत चढलेल्या ३८ गीतांचा माग काढला. त्यांपैकी ३६ गीतांचा संबंध चारच प्रचंड चर्चेसशी निघाला : बेथेल, हिलसाँग, पॅशन आणि एलिव्हेशन. त्यांतील एक ऑस्ट्रेलियातले, बाकीची अमेरिकेतली. जगभरच्या लहान मंडळ्या वर्गणी भरणार आणि ओघ तिकडेच वाहणार. आमच्या तरुण संघातही याच चर्चेसची गीते आवडीने म्हटली जातात, मीही म्हणते. त्यांच्या चाली लगेच ओठांवर बसतात. पण शेजारच्या तालुक्यात ओवीच्या चालीवर गीत रचणाऱ्या बाईंचे नाव कोणत्या यादीत येणार? वर्गणी भरून आम्ही कायद्यातून सुटू, आणि बाई होत्या तिथेच राहतील.

गरीब मंडळीला परवडणार नाही, हा आक्षेप मी दहा वेळा तरी ऐकला. मंडळी गरीब आहे हे मला कोणी सांगायला नको. पण पुस्तिकेच्या झेरॉक्सचे पैसे आम्ही दुकानदाराला रोख दिले. कागदाचे दिले, पिना मारण्याचेही दिले. फुकट होते ते फक्त शब्द.

मी कमिटीपुढे मागणी ठेवली ती एवढीच : पुस्तिकेत प्रत्येक गीताखाली कवीचे नाव आणि, वारले असल्यास, मृत्यूचे साल छापावे. ज्यांच्या मृत्यूला ६० वर्षे झाली त्यांची गीते सरळ घ्यावीत. जे हयात आहेत किंवा ज्यांचे वारस माहीत आहेत त्यांना पत्र लिहावे, आणि झेरॉक्सचा जो खर्च येईल त्याच्या एक दशांश एवढी रक्कम त्यांच्यासाठी बाजूला काढावी. दशांशाचा हिशेब आमच्या मंडळीला नवा नाही. कोणी “मला नको, चर्चलाच ठेवा” म्हणाले तर ठेवावी. पण ते त्यांनी म्हणावे, आम्ही त्यांच्या वतीने म्हणू नये.

नावांचा मुद्दा लगेच मान्य झाला. दशांशाचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे आणि ती बैठक अद्याप व्हायची आहे. दरम्यान तरुण संघातील दोघी मैत्रिणी आणि मी मिळून पत्ते जमवतो आहोत. ओवीच्या चालीवर गीत रचणाऱ्या बाईंचा पत्ता मिळाला; त्यांना लिहिता येत नाही, गीत त्यांच्या नातीने उतरवून घेतले होते. त्यांना पत्राऐवजी समक्षच भेटायला जायचे ठरले आहे.