ब्रुनोच्या उड्या

माझी भाची बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहते. नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे. घरात दीड वर्षाचा लॅब्रेडॉर, ब्रुनो. संध्याकाळी दार उघडले की तो अंगावर झेप घ्यायचा, तोंड चाटायचा, पर्स ओढायचा. दोघांना त्याचे कौतुकच वाटे. मग सांगलीहून भाचीच्या सासूबाई राहायला आल्या आणि पहिल्याच संध्याकाळी ब्रुनोच्या उडीने कोलमडल्या. मागे सोफा होता म्हणून बचावल्या. त्या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणालाच खिळते. "एक तर हा राहील, नाही तर मी," असे त्यांनी मुलाला बजावले. भाचीने रडतच मला फोन केला.

कुत्रा अंगावर उडी मारतो तो वाईट हेतूने नव्हे. पिल्ले आईचे तोंड चाटून तिचे स्वागत करतात. आपले तोंड उंचावर, म्हणून उडी. पिल्लू लहान असताना आपण त्यासाठी त्याला उचलून कुरवाळतो आणि ते पंचवीस-तीस किलोचे झाले की ओरडतो. त्याला हा बदल कसा कळावा? हाताने ढकलणे त्याला खेळ वाटतो, ओरडणेही लक्ष देण्यासारखेच वाटते. त्यातून लॅब्रेडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात राबणारे. असा कुत्रा दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडला गेला तर साठलेली सगळी ताकद दाराशीच बाहेर पडणार.

म्हणून सुरुवात फिरण्यापासून करा. सकाळ-संध्याकाळ किमान अर्धा तास, पट्टा बांधून, आणि त्याला मनसोक्त हुंगू द्या. हुंगण्याने कुत्र्याचे डोके थकते. दुपारी घरी कोणी नसेल तर फिरवण्यासाठी भरवशाचा माणूस ठेवा.

मग दाराचा नियम. घरात शिरताना बोलू नका, त्याच्याकडे पाहू नका, हात लावू नका. उडी मारली तर पाठ फिरवून स्तब्ध उभे राहा. चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच हळू आवाजात शाबासकी द्या, खाली वाकून खाऊ द्या. पुन्हा उडी मारली की पुन्हा पाठ. पहिले काही दिवस उड्या वाढतील. आजवर चालणारी युक्ती चालेनाशी झाली की तो आणखी जोर लावतो. नेमके इथेच बरेच जण हार मानतात. घरातल्या एकानेही "जाऊ दे, बिचारा" म्हणून मिठी मारली, तर कधीतरी बक्षीस मिळते हे त्याला कळते आणि सवय अधिकच चिवट होते.

दारावरची घंटा हीदेखील एक खूण असते. पावलोव्हच्या कुत्र्यांना अन्नाची खूण मिळताच लाळ सुटायची, तसा ब्रुनो घंटेनेच पेटायचा. भाचीने दारापासून दूर एक चटई टाकली. दिवसातून पाच-सहा वेळा ती उगीचच घंटा वाजवी आणि खाऊ चटईवर ठेवी. हळूहळू घंटा म्हणजे चटई, हे समीकरण त्याच्या डोक्यात बसले. खाऊ म्हणून चपातीचा छोटा तुकडा किंवा उकडलेले गाजर चालते. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट मात्र कधीही नको. ते कुत्र्यांना विषारी असते.

सवय पक्की होईपर्यंत वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासमोर कुत्र्याला पट्ट्यानेच धरावे. मारणे, छातीत गुडघा घालणे हे उपाय टाळा. भीतीने कुत्रा शांत होत नाही, कधी चावरा होतो. तो गुरगुरत असेल, किंवा एकटा राहिला की दार ओरबाडून जखमी होत असेल, तर आधी पशुवैद्याला दाखवा.

ब्रुनोला दीड महिना लागला. त्याहून जास्त वेळ लागला भाचीच्या नवऱ्याला. एके दिवशी ऑफिसातून येताच "ब्रुनोऽऽ" अशी आरोळी त्याने ठोकली आणि चटईवरचा ब्रुनो उधळला. तेव्हा आतून सासूबाईंचा आवाज आला, "अरे, आधी तू गप्प बस. तो बसेल आपोआप."

चटईवर ठेवायचा चपातीचा तुकडा आता त्याच राखून ठेवतात.