विश्लेषण : जंगलात गळून पडलेले शिंग उचलणे गुन्हा का? अमेरिकेत त्यासाठी कुत्रे कसे तयार करतात?

महाराष्ट्रातील अनेक जुन्या घरांत सहाण, वेखंड आणि जायफळाच्या शेजारी बोटभर लांबीचा एक करडा तुकडा सापडतो. साबरशिंग. बरगडीत चमक भरली किंवा सूज आली की ते उगाळून लेप लावायचा, हा आजीच्या बटव्यातला ठरलेला उपाय. हा तुकडा सांबराच्या शिंगाचा असतो आणि मालकी प्रमाणपत्राशिवाय तो बाळगणे वन्यजीव कायद्यात बसत नाही. तिकडे अमेरिकेत मात्र हिवाळा सरत आला की हजारो लोक हरणांची गळालेली शिंगे वेचायला बाहेर पडतात आणि अनेकांच्या सोबत याच कामासाठी शिकवलेला कुत्रा असतो. प्राण्याने स्वतःच टाकून दिलेल्या वस्तूबद्दल दोन देशांत इतका फरक का? आणि अलीकडे अमेरिकेतील राज्येही या छंदाला लगाम का घालू लागली आहेत?

शिंग गळते म्हणजे काय होते?

आधी एक गल्लत दूर करू. बोलताना आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण काळवीट, चिंकारा, चौशिंगा हे कुरंग. त्यांचे शिंग आयुष्यभर टिकते. आत हाड आणि बाहेर आपल्या नखांसारख्या द्रव्याचे आवरण असते. सांबर, चितळ, भेकर, बाराशिंगा हे सारंग. यांचे शिंग म्हणजे निव्वळ हाड आणि ते गळून पुन्हा उगवते. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचे हरीण, म्यूल हरीण आणि एल्क हेही याच कुळातले.

वाढताना शिंगावर मखमलीसारखी त्वचा असते आणि तिच्यातून रक्तपुरवठा होतो. ही वाढ थक्क करणारी असते. ऐन भरात एल्कचे शिंग दिवसाला दोन सेंटीमीटरहून अधिक वाढू शकते. मिलनाचा काळ संपला की नराच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन घटते, शिंगाच्या मुळाशी असलेले हाड पेशी पोखरू लागतात आणि एके दिवशी कुंपणावरून उडी मारताना किंवा नुसती मान झटकताना शिंग निखळते. दोन्ही शिंगे एकाच वेळी पडतील असे नाही. दुसरे काही तासांनी किंवा दिवसांनी, बऱ्याच अंतरावरही पडू शकते.

अमेरिकेत ही शिंगे कोणाला हवी असतात?

सर्वात आधी शिकाऱ्यांना. तिथे हरणांची शिकार परवाना, हंगाम आणि संख्येची मर्यादा पाळून कायदेशीरपणे केली जाते. बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, त्यामुळे शिकार हा तिथल्या संवर्धनाच्या अर्थकारणाचाच भाग आहे. हंगाम संपल्यावर सापडलेले ताजे शिंग शिकाऱ्याला सांगते, की अमुक नर या हंगामातून वाचला, तो या टापूत फिरतो आणि पुढच्या वर्षी आणखी मोठा झालेला असेल.

दुसरे कारण पैसा. शिंगांपासून चाकूच्या मुठी, दिवे, झुंबरे होतात आणि पाळीव कुत्र्यांना चघळायला त्याचे तुकडे विकले जातात. चांगल्या प्रतीच्या एल्कच्या शिंगाला पौंडामागे दोन आकडी डॉलर मिळतात आणि मोठ्या नराची जोडी दहा किलोच्या पुढे जाते. वायोमिंग राज्यातील जॅक्सन गावाच्या चौकात तर चारही कोपऱ्यांवर एल्कच्या शिंगांच्या कमानी उभ्या आहेत. शेजारच्या राष्ट्रीय एल्क अभयारण्यात लोकांना शिंगे उचलायला मनाई आहे. तिथली शिंगे बॉय स्काउट गोळा करतात, १९६८पासून दर मे महिन्याच्या सुमारास त्यांचा जाहीर लिलाव होतो आणि रकमेचा मोठा हिस्सा अभयारण्याला परत मिळतो.

कुत्र्याला शिंग शोधायला कसे शिकवतात?

वाळक्या गवतात पडलेले तपकिरी शिंग माणसाला चार पावलांवरूनही दिसत नाही. कुत्र्याच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी २० कोटींच्या घरात मानल्या जातात, माणसाच्या जेमतेम ५०-६० लाख. तरीही नुसते नाक पुरत नाही. रानात उंदरापासून सशापर्यंत शेकडो वास असतात आणि कुत्र्याच्या दृष्टीने त्यातले बहुतेक शिंगापेक्षा जास्त रंजक असतात. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर सेन्सर उत्तम आहे, प्रश्न नको असलेला सिग्नल गाळण्याचा आहे. प्रशिक्षण म्हणजे हे गाळणेच.

या कामासाठी लॅब्रेडॉरला सर्वाधिक पसंती मिळते, कारण वस्तू तोंडात धरून मालकाकडे आणणे त्याच्या रक्तातच असते. पण फेकलेली वस्तू आणायला आवडणारा कोणताही कुत्रा चालतो. सुरुवात पिल्लाच्या वयात, घराच्या बोळात होते. पहिल्याच दिवशी खरे शिंग दिले आणि त्याचे टोक टाळूला टोचले, तर पिल्लू शिंगाची धास्ती घेते. म्हणून आधी रबराचे किंवा फोमचे मऊ शिंग वापरतात. ते फेकायचे, आणले की कौतुक करायचे, आणि खेळ संपला की उचलून ठेवायचे. शिंग चघळायला कधीच द्यायचे नाही, हा नियम प्रशिक्षक कटाक्षाने पाळतात. रोज पायाशी पडलेल्या वस्तूसाठी कोण रानभर धावेल?

पुढचा टप्पा आकाराचा. उन्हापावसात पांढरे पडलेले जुने शिंग जवळजवळ वासहीन असते, म्हणून कुत्र्याला ते डोळ्यांनीही ओळखता यायला हवे. शिंगाच्या आकाराच्या पांढऱ्या पाट्या मोकळ्या मैदानात उभ्या करून हे शिकवतात. त्यानंतर वास. ताज्या शिंगाचा वास त्याच्या बुडाशी, जिथून ते निखळले तिथे, सर्वात तीव्र असतो. बाजारात या गंधाच्या बाटल्याही मिळतात.

खरी गोम पुढे आहे. प्रशिक्षक उघड्या हाताने शिंग लपवून आला, तर हुशार कुत्रा शिंगाचा नव्हे, माणसाच्या पावलांचा माग काढतो आणि तरीही अचूक पोहोचतो. मालक खूश, पण कुत्रा भलतेच शिकलेला. म्हणून शिंग लपवताना हातमोजे आणि रबरी बूट घालतात किंवा ते काही दिवस आधीच रानात टाकून ठेवतात. मग वाऱ्याच्या दिशेचा विचार करून आडव्या पट्ट्यांत शोध घ्यायला शिकवतात. उन्हाकडे तोंड असलेले उतार, कुंपणे, चरण्याच्या जागा ही शिंग सापडण्याची मुख्य ठिकाणे. या कुत्र्यांच्या चाचण्या घेणारी नॉर्थ अमेरिकन शेड हंटिंग डॉग असोसिएशन नावाची संघटनाही आहे.

सगळ्यात कठीण धडा मात्र शोधण्याचा नाही, न धावण्याचा आहे. समोरून जिवंत हरीण उठले, तरी कुत्र्याने त्याचा पाठलाग करता कामा नये. कुत्रे सोडून हरणाची शिकार करायला अमेरिकेत दक्षिणेकडील मोजक्याच राज्यांत मुभा आहे. अनेक राज्यांत कुत्र्याने हरणामागे धावणे हाच गुन्हा ठरतो आणि त्याचा भुर्दंड मालकाला पडतो.

मग तिथे निर्बंध का आले?

कारण शिंगे गळतात नेमकी हरणे सर्वात अशक्त असताना. हिवाळ्याच्या अखेरीस अंगावरची चरबी संपत आलेली असते, माद्या गाभण असतात. माणूस, गाडी किंवा कुत्रा दिसला की कळप बर्फातून पळतो आणि वसंतापर्यंत पुरवायची ताकद त्यात खर्च होते. एकदा पळून हरीण मरत नाही, पण रोज चार टोळ्या त्याच उतारावर आल्या तर हिशेब बिघडतो.

कोलोरॅडोने २०१८पासून राज्याच्या पश्चिम भागातील सार्वजनिक जमिनींवर जानेवारी ते एप्रिल शिंगे वेचण्यास बंदी घातली. २०२२-२३चा हिवाळा इतका कडक होता, की पश्चिम वायोमिंगमधील म्यूल हरणांच्या एका कळपातील रेडिओ कॉलर लावलेल्या पाडसांपैकी जवळपास एकही वाचले नाही. त्या वर्षी युटाने फेब्रुवारीत संपूर्ण राज्यात तातडीची बंदी जाहीर केली. वायोमिंगच्या पश्चिम भागात १ मे रोजी हंगाम उघडतो. त्या सकाळी शिंगे वेचणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते. गर्दी इतकी वाढली, की २०२४पासून बाहेरच्या राज्यांतील लोकांना आठवडाभर थांबावे लागते. यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानांत तर शिंग उचलणे कधीही बेकायदाच आहे. म्हणजे ‘अमेरिकेत सगळे चालते’ हा समज चुकीचा आहे. तिथे प्रश्न कधी आणि कुठे याचा आहे, आपल्याकडे सरसकट नाही.

भारतात कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ मधील ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत हाड, दात, नख यांच्याबरोबर सारंगांच्या शिंगाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याआधीच्या १९२७च्या भारतीय वन कायद्यातही जंगलात सापडलेली शिंगे आणि हाडे वनोपजात धरली आहेत. सरकारी मालमत्ता ठरणारी अशी वस्तू हाती आली, तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसाठी शिक्षा किमान तीन ते कमाल सात वर्षे आहे. वनहक्क कायदा २००६ने गौण वनोपजावर ग्रामस्थांना हक्क दिला, पण ते वनस्पतिजन्य उपज. तेंदू, मोह, बांबू त्यात येतात, शिंग येत नाही.

चित्र नेहमीच असे नव्हते. नव्वदच्या दशकात चितळ-सांबराच्या गळालेल्या शिंगांच्या वस्तू अटी पाळून निर्यात करता येत होत्या. त्या दशकाच्या अखेरीस हा दरवाजा बंद झाला.

आपोआप गळालेल्या शिंगावर बंदी कशासाठी?

अख्खे शिंग पाहून ते गळालेले की मारून काढलेले, हे बहुतेक वेळा सांगता येते. गळालेल्या शिंगाच्या बुडाशी खडबडीत गोल कडा आणि खाली बंद झालेले हाड दिसते, मारलेल्या प्राण्याच्या शिंगाला कवटीचा भाग चिकटलेला असतो. पण त्याची मूठ, बटण किंवा भुकटी झाली की हा फरक पुसला जातो. गळालेल्याचा व्यापार खुला ठेवला, तर मारलेल्याचा मालही त्याच पावतीवर निघतो.

दुसरे कारण आगीचे. मध्य भारतातील सांबरांची शिंगे साधारण मार्च-एप्रिलपासून गळू लागतात, नेमकी पानगळीची आणि वणव्यांची वेळ. पाचोळा जाळला की जमीन उघडी पडते आणि शिंगे झटकन दिसतात. मोह वेचण्यासाठी लावलेल्या आगींबरोबर वणव्यांच्या कारणांत याचाही उल्लेख होतो. पाच-सहा शिंगांसाठी जळालेल्या डोंगराची किंमत कोणत्याही बाजारात वसूल होणारी नाही.

आणि जंगलात शिंग ‘वाया’ जात नाही. साळिंदर, उंदीर आणि खुद्द हरणेही ते कुरतडतात, त्यातून त्यांना कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळते.

बंदीमागचा तर्क त्यामुळे पटतो. खटकते ती तिची एकच पट्टी. पोत्याने शिंगे भरणारा व्यापारी आणि सरपण आणताना एक शिंग उचलून घरी नेणारी बाई, दोघांवर कलमे तीच लागू शकतात. व्यापाऱ्याकडे वकील असतो. तिच्यासाठी तालुक्याच्या न्यायालयाची प्रत्येक तारीख म्हणजे एक बुडालेली मजुरी.

आपल्याकडचे कुत्रे काय शोधतात?

भारतातही हे नाक वापरात आहे, फक्त उलट बाजूने. ट्रॅफिक या संस्थेच्या भारतातील शाखेने २००८मध्ये वन विभागांसाठी श्वान प्रशिक्षण सुरू केले. भोपाळचे पोलीस श्वान केंद्र, ग्वाल्हेरजवळचे टेकनपूर आणि पंचकुला येथे अशी प्रशिक्षणे झाली आहेत. एका कुत्र्यामागे दोन हस्तक असतात आणि शिक्षण कित्येक महिने चालते. वाघ-बिबट्याची कातडी आणि हाडे, हस्तिदंत, वन्य प्राण्यांचे मांस असे वास त्यांना ओळखायला शिकवतात. महाराष्ट्राच्या वन विभागाकडेही श्वानपथके आहेत.

अमेरिकेतील कुत्र्याला शिंग सापडले की ते मालकाच्या हातात आणून द्यायचे असते. तपासातल्या कुत्र्याने वस्तूला तोंड लावायचे नसते. बसून किंवा भुंकून जागा दाखवायची. माल जिथे होता तिथेच पंचनाम्यात यावा लागतो, नाही तर खटला ढिला पडतो.

घरात शिंग असेल तर काय?

वाड्याच्या दिवाणखान्यात टांगलेले आजोबांच्या काळातील शिंग वैध ठरते ते मुख्य वन्यजीव रक्षकांचे मालकी प्रमाणपत्र असेल तरच. अघोषित वस्तू जाहीर करण्याची १८० दिवसांची संधी २००३मध्ये दिली होती, ती केव्हाच संपली. प्रमाणपत्र असलेली वस्तू आता नको असेल, तर २०२२च्या दुरुस्तीनुसार ती वन विभागाकडे स्वेच्छेने जमा करता येते. भरपाई मिळत नाही. प्रमाणपत्र नसलेली वस्तू विकणे, ऑनलाइन जाहिरात देणे किंवा भेट देणे हे बाळगण्यापेक्षा मोठे संकट ओढवून घेणे आहे. अशा वेळी वकिलाच्या सल्ल्याने वन विभागाशी संपर्क साधणे शहाणपणाचे.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांनाही एक सांगून ठेवा. अमेरिकेतील पेट शॉपमध्ये सहज मिळणारा शिंगाचा ‘च्यू’ तुमच्या कुत्र्यासाठी बॅगेत टाकला, तर तो विमानतळावर अडकू शकतो. वन्य प्राणी आणि त्यांचे अवयव कस्टमच्या प्रतिबंधित यादीत आहेत. ट्रेकला गेल्यावर शिंग दिसलेच, तर फोटो काढा, जागेचे लोकेशन वनरक्षकाला पाठवा आणि शिंग तिथेच राहू द्या.