आहार्याचे काय?

चतुर्विध अभिनयावरचा प्रश्न आला की आमचे विद्यार्थी सात्त्विकावर दोन पाने लिहितात आणि आहार्य 'वेशभूषा, रंगभूषा इत्यादी' म्हणून उरकतात. दोष त्यांचा नाही. आम्हा शिकवणाऱ्यांनीच ते 'इत्यादी' त्यांच्या हाती दिले. वस्तुतः नाट्यशास्त्रात आहार्याला स्वतंत्र अध्याय आहे. अवघा प्रयोग आहार्यावर उभा असतो, असे भरत तिथे म्हणतो आणि कापडावर बेलाचा लगदा चढवून मुखवटा कसा करावा हेही सांगतो. शास्त्रकाराला लगद्याची लाज वाटली नाही. ती आमच्या समीक्षेला वाटते.

'तुंबाड' (2018) घ्या. शीर्षक पेंडश्यांचे, बीज धारपांचे, यावर आपण हिरीरीने बोलतो. पण विनायकाच्या मुलाचे काम करणारा मोहम्मद समद हा कोवळा नट त्याच चित्रपटात म्हातारीही झाला आहे, तो कशाच्या बळावर? आधी नटाच्या चेहऱ्याचा साचा घेतात. त्यातून निघालेल्या प्लास्टरच्या चेहऱ्यावर मातीने नवा चेहरा घडवतात, त्याचा पुन्हा साचा करतात आणि त्यात सिलिकॉन किंवा फेसाळ लेटेक्स ओततात. कडा इतक्या पातळ ठेवाव्या लागतात की त्वचा कुठे संपली ते कळू नये. काढताना त्याच कडा फाटतात. म्हणून चित्रीकरणाच्या दर दिवशी सहसा नवा तुकडा लागतो. प्रॉस्थेटिक म्हणतात ते हे.

यावर ठरलेला आक्षेप: मग नटाचे काय उरले? पुष्कळ उरते. लेटेक्सचा थर बारीक हालचाल गिळून टाकतो, तेव्हा खालच्या स्नायूंना नेहमीपेक्षा जास्त राबावे लागते. सुरकुती कुठे जाड, ओठाशी थर किती पातळ, हे घडवणारा ठरवतो. हे पात्राचे अर्थनिर्णयन नव्हे तर काय?

आमच्या देवळाली प्रवरेला जिचे नाव आहे ती नदी अकोले तालुक्यात उगम पावते. तिथल्या आदिवासी गावांत बोहाड्याची सोंगे नाचतात. लाकडाचा वा कागदाच्या लगद्याचा तो मुखवटा हलत नाही. सगळा अभिनय मानेखाली उतरतो. चिकटवलेली त्वचा मात्र नटाच्या चेहऱ्याबरोबर हलते. दोन निराळी व्याकरणे आहेत ही, आणि आम्ही दोन्हींना 'सोंग' म्हणून मोकळे होतो. (बोहाडा निदान लोकसाहित्याच्या तासाला तरी येतो.)

'बालगंधर्व' (2011) चित्रपटासाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्त्रीपार्टी नटाचे स्त्रीरूप आजच्या पुरुष नटावर, तेही कॅमेऱ्याच्या निर्दय जवळिकीत, पुन्हा उभे करणे हे त्या चरित्राचे मर्मच होते. चर्चा झाली ती सुबोध भावे यांच्या रूपाची. जणू ते आपोआप उगवले! मे 2025 मध्ये गायकवाड गेले. श्रद्धांजल्या आल्या, त्यांच्या एखाद्या चेहऱ्याचे सविस्तर वाचन आमच्या तरी पाहण्यात नाही. कवितेतल्या एका स्वल्पविरामावर प्रबंध लिहू शकणारी आमची विद्यापीठे आहेत. तिथल्या कुणी तरी त्या एका चेहऱ्यावर दहा पाने लिहावीत.